एकशे पंधरा

मस्कत सोडताना बताका परत केला,
त्या कार्डावर माझा बारा वर्षांपूर्वीचा चेहरा होता.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आता कुठे?
म्हटलं, घरी.
म्हणताना जीभ जरा अडली,
कारण माझं गाव वैनगंगेच्या फुगवट्याखाली आहे.
शाळा, हातपंप, विहाराची पायरी, सगळंच.
बाबा म्हणतात, मे महिन्यात पाणी उतरलं
की चिंचेचा शेंडा दिसतो.
मला तो अजून दिसलेला नाही.

म्हणून वही केली.

पहिलं पान नागपूर. सातवा मजला, दोन बेडरूम,
शाळेची बस फाटकाशी येते,
गॅलरीतून समोरच्यांची गॅलरी दिसते.
अश्वजितला हेच हवं होतं,
कोण कुठले, हे कुणी न विचारणारं दार.
दलालाने चहा मागवला. मग सहज, अगदी सहज,
'पूर्ण नाव काय म्हणालात मॅडम?'
सांगितलं.
त्याने बशीत कप ठेवला.
सोसायटी शाकाहारी लोकांची आहे, म्हणाला,
तुम्हालाच करमणार नाही.
अश्वजितने फोन काढून वेळ पाहिली,
खिशात ठेवला,
पुन्हा काढून पाहिली.

दुसरं पान पवनी.
भाताच्या गिरणीमागचा प्लॉट, कागद स्वच्छ, भाव झेपणारा.
पण वाऱ्यावर कोंडा येतो,
आणि मैत्रेयीची छाती वाळवंटाच्या धुळीतही
इतकी वाजली नव्हती.
लिहिलं: गिरणी. खाली दोन रेघा.

तिसरं पान नणंदेचं गाव.
विहिरीचं पाणी गोड,
पोरांच्या दातांवर मात्र पिवळे पट्टे.
बारा वर्षं वॉर्डात उभी राहिलेली बाई
आधी दात बघते, मग नखं,
घर त्यानंतर.
'एवढं काहून पाहतं वो वैनी?
आमी मेलो का इथं?'
हसले. गिलास अर्धाच प्यायले.

नवं गाव वहीत नव्हतंच.
तिथे फक्त बाबांना भेटायचं होतं.
सगळे रस्ते काटकोनात, कडुनिंब अजून पोरवयाचे,
घरांना नावं नाहीत, नंबर आहेत.
बाबा एकशे चौदा.
जुन्या गावात आम्ही नाल्याच्या पलीकडे राहायचो.
इथे चिठ्ठ्या टाकल्या, तर इस्तारी खोब्रागडे
निघाले ऐन मधोमध,
माजी सरपंचाच्या भावाला लागून.
पंधरा दिवसांत भावाने चिठ्ठी बदलून घेतली.
बाबांनाही कुणी सुचवलं, तिकडं तुमची माणसं हायेत.
'नंबर सरकारनं देल्ला जी,' बाबा म्हणाले,
'मी काहून बदलू?'
एकशे पंधरा तेव्हापासून मोकळा.
तरोटा माजलाय.

मैत्रेयी त्या तरोट्यात शिरली.
पावलांनी मोजू लागली,
इथे माझी खोली, इथे कोंबड्या,
इथे नुसतंच काहीतरी.
मी ओरडले, साप असेल गं!
बाबा खाटेवरूनच म्हणाले,
'असन. त्यालेही रायाले पाहिजे ना कुठं तरी.'

नळ दिवसाआड. दवाखाना अकरा किलोमीटर.
शाळा चौथीपर्यंत.
नेटवर्क गच्चीवर, तेही टाकीच्या बाजूला उभं राहिलं तर.
मी सगळं उतरवलं, काही लपवलं नाही.
पानाची दुसरी बाजू
तिथे काय लिहायचं ते सुचेना.
तारीख टाकली.

अश्वजित कुंपणाच्या तारेला हात लावून उभा होता.
'विकेल का तो?'
बाबा आत गेले, डब्यातून एक घडी पडलेला कागद आणला.
शेजाऱ्याचा नंबर. नऊ वर्षं जपलेला,
कधीही न लावलेला.

रिंग जाते आहे.
मैत्रेयीचा आकडा मध्येच चुकला,
ती पुन्हा कडेपासून
मोजायला लागली आहे.